दाराबाहेर काढलेलं पायताण

नाताळ अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणात बसून नातीच्या बुटाला टाका घालत होतो. "कठीण काळात विश्वासातून धीर कसा मिळाला, यावर तुमचा अनुभव लिहून द्या," ते म्हणाले. "वाचणाऱ्याला उभारी येईल असं लिहा." मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि मला संताप आला. त्यात संपादकांचा काही दोष नाही. पण असं काही ऐकलं की मला शहाबादी फरशीवर भर उन्हात उभ्या असलेल्या एक बाई आठवतात. त्यांचा फोटो काढून आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'संकटातही अढळ विश्वास' असं लिहून टाकणारे आमचे लोक आठवतात. त्या फोटोखाली मीही जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं. तेव्हा ज्यांना गोड साक्ष हवी असेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मिशनच्या एका इस्पितळात मी चौतीस वर्षं जोडे केले. कागदावर माझा हुद्दा 'शू टेक्निशियन', पेशंट मला मिस्त्री म्हणायचे. आजोबा कराडकडं विहिरींच्या चामडी मोटा शिवत. मोटा गेल्या तेव्हा वडिलांनी चपला शिवल्या. आम्ही ख्रिस्ती होऊन तीन पिढ्या झाल्या तरी गावात कुणीतरी म्हणायचंच, "देव बदलला, पण आरी काय सुटली न्हाई." मी म्हणायचो, चांगली चालतीय की, सोडायची कशाला.

माझे पेशंट म्हणजे कुष्ठरोग होऊन बरे झालेले लोक. बरे झालेले, हा शब्द मी मुद्दाम लिहिला. गोळ्या फुकट मिळतात, रोग पार जातो, आणि औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागायचाही थांबतो. हे शिकलेल्या माणसांनाही माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. पण औषध मिळेपर्यंत जी नस मेली ती काही परत येत नाही. पावलाला मग काहीच कळत नाही. तळव्यात बाभळीचा काटा मोडला तरी माणूस दिवसभर चालतो, संध्याकाळी धोतराला रक्त लागलेलं दिसतं तेव्हा समजतं. आपल्याला दुखतं म्हणून आपण लंगडतो, आणि लंगडतो म्हणून पाय वाचतो. यांचा तो पहारेकरीच गेलेला असतो. जखम होते, ती हाडापर्यंत जाते आणि मग पाय कापावा लागतो.

तर माझं काम होतं तो पहारेकरी परत बसवायचं. पायताणाच्या आत बोटानं दाबलं की बसेल असं मऊ रबर, खाली काटा आत येणार नाही असा टणक तळ. टाचेमागं पट्टा हवाच, कारण चप्पल पायातून निसटली तरी यांना कळत नाही. खिळा एकही नाही, सगळं दोऱ्यानं आणि सोल्यूशननं. माप घ्यायला एक रबरी जाळी असायची. तिला खालून शाई लावायची, खाली कागद ठेवायचा आणि वरून पेशंटनं एक पाऊल टाकायचं. जिथं भार जास्त तिथं ठसा काळाकुट्ट उमटतो. तिथं मी रबर खोलगट करायचो. प्रत्येकाचा ठसा नाव घालून कपाटात ठेवलेला असे. आणि प्रत्येक पेशंटला दरवेळी तेच बजावायचो: पायताण घालण्याआधी आत हात फिरवा, संध्याकाळी तळवे बघा, आणि काही झालं तरी अनवाणी चालू नका. घरात नाही, संडासात नाही, देवळात नाही. देवळात नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं हजार वेळा सांगितलं असेल, आणि चर्चलाही आम्ही देऊळच म्हणतो.

आटपाडीच्या बाजारात एक शिंपी होते, अकबरभाई. हात चांगले, पण डावा पाय बधिर. पहिली चप्पल आम्ही इस्पितळाच्या साहेबांच्या नमुन्याप्रमाणं केली, काळी, जाडजूड, हिरव्या पट्ट्यांची. सगळ्या इस्पितळांतून तशीच मिळे. दोन महिन्यांत अकबरभाई ती पिशवीत घालून परत घेऊन आले.

"मिस्त्री, लय मऊ हाय, काय तक्रार न्हाई," ते म्हणाले. "पन ही बघितली की लोक कापड उचलून माघारी जात्यात. चहावाला मला येगळ्या कपात देतोय."

मला इतका राग आला की मी नमुन्याचा कागद फाडून टाकला. रोग गेला होता, आणि आम्हीच माणसाच्या पायात त्याची पाटी बांधून देत होतो. त्या दिवसापासून मी बाजारात मिळतात तशा चपला करायला लागलो. वरून कोल्हापुरी, आतून माझी. साहेबांनी मेमो दिला, मी तो घेतला आणि चपला करत राहिलो. माझ्या चपलेला बाजारात कुणी ओळखत नाही, ही माझ्या कामाची खरी मिजास.

आता सुंदराबाई. वडूजच्या पुढं माळावर त्यांचं घर. जन्माच्या ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत शिपाई होते. बोटांवर चट्टे दिसले तेव्हा नवऱ्यानं माहेरी आणून सोडलं आणि परत फिरकला नाही. बाईंनी अकरा शेळ्या पाळल्या. दिवसभर खडकाळ माळावरून शेळ्यांमागं चालायचं, हेच त्यांचं पोट. पाय गेला तर माळ गेला, माळ गेला तर शेळ्या गेल्या. दर सहा महिन्यांनी दोन एसट्या बदलून त्या माझ्याकडं यायच्या. वीस वर्षांत त्यांच्या तळव्यावर मी एक जखम होऊ दिली नव्हती. नवीन मुलामुलींना शिकवताना मी त्यांचेच ठसे दाखवायचो. गर्व होता मला त्याचा.

माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्या गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी आल्या. मापं झाली. म्हणाल्या, "उद्या उपासना करूनच जाती. आमच्याकडं सात उद्गार कोन सांगनार?" गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन आमच्याकडं मोठी उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू जे सात वेळा बोलला त्यावर सात जण बोलतात. आणि आमच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. सातवा झाला की सगळ्यांनी उभं राहायचं आणि तीनची घंटा होईपर्यंत न बोलता, न हलता उभंच राहायचं.

दुसरी रीत सगळ्यांच्या ओळखीची. पायताण दाराबाहेर काढायचं.

मी त्या वर्षी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळात होतो. पांढरा सदरा घालून दारात उभा होतो. चपलांचा ढीग लागला होता. सुंदराबाई आल्या त्या मी केलेलं पायताण घालून, आणि उंबऱ्याशी थांबल्या. माझ्या मागं आमचे ज्येष्ठ पंच साळवे गुरुजी होते. त्यांनी मला तिसरीत शिकवलेलं, त्यामुळं त्यांच्यासमोर मी अजूनही तिसरीतलाच. त्यांनी बाईंच्या पायांकडं पाहिलं आणि ते नुसते खाकरले.

आणि मी म्हणालो, "बाई, पायताण काढा."

 वीस वर्षं काढू नका म्हणून दटावणारा मीच. बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. त्यांना वाटलं असणार, मिस्त्रीच म्हणतायत म्हणजे काही सोय असेल. त्यांनी वाकून पट्टे सोडले, पायताण भिंतीकडेला नीट जोडीनं ठेवलं. आत जागा उरली नव्हती, म्हणून त्या बाहेर मांडवात बसल्या.

मांडवाची सावली बाराला होती तिथं अडीचला नव्हती. शेवटची ओळ उन्हात आली. सातवा उद्गार संपला, सगळे उठले. शहाबादी फरशी तव्यासारखी तापलेली. बाया या पायावरून त्या पायावर होत होत्या, एकीनं पदराचं टोक पायाखाली घेतलं, पुरुषांनी हळूच फरशी सोडून मातीवर पाय ठेवले. एकट्या सुंदराबाई डोळे मिटून स्थिर उभ्या होत्या. मी दारातून त्यांच्याकडं पाहत होतो आणि माझे डोळे भरून आले. काय ही श्रद्धा, मला वाटलं. सगळ्या जिल्ह्यात एकच माणूस असा होता की ज्यानं त्या क्षणी धावत जाऊन त्यांना उचलायला हवं होतं, आणि तो गहिवरून उभा होता.

फोटो तेव्हाच कुणीतरी काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई नवं पायताण घ्यायला माझ्या खोलीत आल्या. "मिस्त्री, कालपास्नं पायाखाली ओलं ओलं दिसतंया," म्हणाल्या. मी खाली बघितलं. दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर त्यांच्या पावलांचे ओले ठसे उमटले होते. चौतीस वर्षं मी ठसे वाचले. शाईशिवाय उमटलेले ते पहिलेच. मी त्यांना बसवलं आणि पाय वर घेतला. तळव्याची कातडी फोड येऊन सुटली होती. उजवा पाय जास्त.

पाय पुसताना मी रडत होतो. बाई माझ्याकडंच बघत होत्या. त्यांना काही दुखत नव्हतं ना.

त्यांना वॉर्डात ठेवलं. डावा पाय सुधारला, उजव्यात पू झाला, हाडाला लागला. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन बोटं तर जातीलच. त्यानं थांबलं तर नशीब, नाहीतर घोट्यापासून काढावा लागेल." तिकडं शेळ्या शेजारणीनं सांभाळल्या. रोज दुपारी ती फोन लावून शेळ्यांजवळ धरायची आणि बाई कॉटवर बसून ऐकायच्या. "काळीचा आवाज येत न्हाई गं," एवढंच कधीतरी विचारायच्या.

मंडळीतले लोक भेटायला आले. संत्री आणली, प्रार्थना केली. साळवे गुरुजी कॉटच्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "देव परीक्षा घेत असतो, सुंदराबाई. धीर सोडू नका." मी शेजारी उभा होतो. माझ्या अंगाची आग झाली. देवानं काय केलं होतं? दारात देव उभा नव्हता, मी होतो, आणि माझ्या मागं गुरुजी होते. आपण केलेलं देवाच्या नावावर टाकायची ही जी सवय आम्हा धार्मिक लोकांना आहे, तिची मला आजही चीड येते. फरशी आम्ही घातली, नियम आम्ही केला, सावली आम्ही मोजली नाही, आणि परीक्षा म्हणे देवाची.

पुढच्या पंचसभेत मी बोललो. ज्यांचे पाय बधिर आहेत त्यांना पायताणासकट आत घ्या, एवढंच माझं मागणं होतं. गुरुजींनी शांतपणे उत्तर दिलं. मोशेला जळत्या झुडपाजवळ देवानं स्वतः पायताण काढायला लावलं होतं, पवित्र जागेचा मान ठेवलाच पाहिजे, आणि एकाला सोडलं की उद्या सगळेच बूट घालून येतील. दुसरे एक पंच म्हणाले, "आता उपासना मोबाईलवर दिसते की. त्यांनी घरी बसून बघावी." माळावर बसून, शेळ्यांच्यात, एकटीनं. मी वाटेल ते बोललो. इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील. 'विषय पुढील सभेत घ्यावा' असं ठरलं आणि चहा आला.

त्या संध्याकाळी मी वॉर्डात जाऊन बाईंना म्हणालो, "मला माफ करा. माझी प्रार्थनासुद्धा बंद पडलीय. बसलो की तुमचा पाय दिसतो."

त्या 'असू द्या' म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "चुकलंच तुमचं. तुमी काढा म्हनलासा, म्हनून मी काढलं. दुसऱ्या कुनी म्हनलं असतं तर भांडली असती." मग म्हणाल्या, "गुरुजी त्या झुडपाचं सांगत हुते न्हवं? आवं, त्यो उधळ्या पोरगा घरी माघारी आला, तवा बापानं काय केलं? झगा दिला, आंगठी दिली, आनि पायात पायताण घाला म्हनाला. घरात घेताना. त्यो अनवानी आला हुता, आनि बापाच्यानं ते बघवलं न्हाई."

बायबलातली ती गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. प्रवचनं झगा, आंगठी, मेजवानीला कापलेलं वासरू यांच्यावर झाली, पायताणावर कुणी बोललं नाही. आणि मी जोडे करणारा, माझ्याही ध्यानात आलं नाही.

"नवऱ्यानं सोडलं तवा मी अनवानीच आली हुती माहेरी," बाई म्हणाल्या. "तवापास्नं तेवढंच धरून चालती मी. मला आत घेनारा पायताण देनारा हाय, काढून घेनारा न्हाई. बाकीच्यांचं मी मनावर घेत न्हाई. तुमीबी घेऊ नगासा. माज्या पायाला नवं पायताण कोन करनार मग?"

हाच तो धीर, संपादकसाहेब. ज्या बाईचा पाय मी घालवत आणला होता, तिनं कॉटवर बसून मला दिलेला. मला त्यातून उभारी आली हे खरं, पण उभारीच्या आधी लाज आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बसण्याआधी कितीतरी दिवसांनी मी प्रार्थना केली. पाय वाचू दे, एवढीच.

दोन बोटं गेली. पाय वाचला. जखम भरायला घातलेलं प्लास्टर निघालं तेव्हा गणपती होऊन गेले होते.

त्याच सुमारास एका दुपारी साळवे गुरुजी माझ्या खोलीत आले आणि दार लोटून घेतलं. त्यांना वीस वर्षांची साखर. काही दिवसांपासून तळव्याला मुंग्या, आता अंगठ्याच्या बुंध्याशी घट्टा आणि त्यात चीर, आणि कळत काहीच नाही. त्यांच्या डॉक्टरांनी माझं नाव सांगितलं होतं.

"दाविद, एक चप्पल करून दे," ते म्हणाले. "फक्त त्या लोकांसारखी दिसायला नको."

मी जाळीला शाई लावली, कागद ठेवला, म्हटलं, पाऊल टाका. अंगठ्याच्या मागं काळाकुट्ट डाग उमटला. मी कपाटातून आणखी एक कागद काढला आणि शेजारी ठेवला. डाग त्याच जागी, तेवढाच.

"हा कुणाचा?" गुरुजींनी विचारलं.

"नाव लिहिलंय वर."

त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं. दोन्ही कागद हातात घेऊन डागाशी डाग लावून पाहिला. मग निघताना म्हणाले, "घरातसुद्धा काढायची नाही?" मी म्हटलं, "देवळातसुद्धा नाही, गुरुजी."

पुढच्या पंचसभेत तो विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. सहा महिने जो विषय पुढच्या सभेत जात होता तो. मोशे नाही, झुडूप नाही. रविवारी दारावर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद लागला: 'मधुमेही बंधुभगिनींना पादत्राणे घालून आत येण्यास परवानगी आहे.' मी तो वाचला आणि घरी निघून आलो. साखर ही चांगल्या घरातली बधिरता, नाही का? तिला मान आहे. तोच पाय, तोच डाग, तीच मेलेली नस, पण शेळ्यांमागं चालणारीला नियम आणि पेन्शनवाल्याला परवानगी. बायको म्हणाली, निदान दार तरी उघडलं. मी जेवलो नाही.

नाताळला सुंदराबाई आल्या. पायात नव्या ठशावर केलेलं पायताण, वरून साधी बाजारातली वाटावी असं, आत गेलेल्या दोन बोटांच्या जागी रबराचा उंचवटा. मी दारात होतो. बाईंनी तो कागद अक्षर अक्षर लावून वाचला.

"म्हंजे मला साखर झालीया म्हनून सांगू व्हय आता?" त्या म्हणाल्या.

माप घेताना लागते ती काळी खडूपेन्सिल माझ्या खिशात नेहमी असते. मी ती काढली आणि कागदावरचा पहिला शब्द खोडला. प्लास्टिकवरून पेन्सिल घसरत होती, म्हणून चार वेळा ओढली. मागं गुरुजी उभे होते, मी केलेली चप्पल घालून. त्यांनी कागदाकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं. या वेळी ते खाकरले नाहीत. हा लेख छापायला देण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. "नाव बदल," म्हणाले, "बाकी राहू दे." म्हणून साळवे हे त्यांचं आडनाव नाही.

तर बाई उंबऱ्याशी आल्या. शिकवल्याप्रमाणं त्यांनी एकेक पायताण काढून आत हात फिरवला, एक खडा बाहेर टाकला, पुन्हा पट्टे लावले. घंटा होत होती, आत लोक उभे राहत होते. त्या थांबल्या आणि मान वर करून माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत खट्याळपणा होता, आणि थोडी भीतीही होती. ती भीती मी घातलेली.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "काढू?"

"नका काढू, बाई."

त्या आत गेल्या आणि दुसऱ्या रांगेत बसल्या. एवढेच शब्द मला गुड फ्रायडेला बोलायचे होते. तेव्हा बोललो असतो तर त्यांची दोन बोटं आज जागेवर असती.